करवतीचा कल

वखारीतल्या खड्ड्यावर ओंडका आडवा टाकला की त्यावर उभा राहून करवतीची वरची मूठ धरतो तो वरचा, आणि खड्ड्यात उतरून खालची मूठ ओढतो तो खालचा. सोळा वर्षं ही जोडी टिकली होती, त्यामुळे गावानं त्यांची खरी नावं केव्हाच टाकून दिली होती. वखारीत मशीन होती, नाही असं नाही. पण तिच्या जबड्यात न मावणारे लांब, जाड ओंडके खड्ड्यावरच यायचे, आणि तिथे या दोघांवाचून पान हलत नसे. कामाची वाटणी निम्मी निम्मी. शिव्यांची मात्र वाटणी नव्हती. त्या सगळ्या वरून खाली यायच्या.

वरच्याची लाडकी शिवी 'हलकट'. करवत जरा रेंगाळली की 'ओढ ना, हलकट'. जेवायची वेळ झाली की 'चल रे, हलकट'. खालच्याच्या पोराचा ताप उतरल्याचं कळलं तेव्हासुद्धा तो 'सुटलास रे हलकट' म्हणाला होता, आणि खालच्याला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी ऊन चढत असताना करवत मध्येच थांबली. खालचा नेहमी डोळे मिटूनच ओढायचा. वरून भुसा पडतो, उघडे ठेवून करायचं काय? त्यानं मूठ हलवून पाहिली. वरून दाद नाही.

"काय रे, उभ्या उभ्या झोप लागली का?"

"हलकट," वरून आलं, पण तोंडात मोठा घास असल्यासारखं. पुन्हा एकदा तेच. मग खालच्याच्या डोक्यावर, मानेवर कोमट पाणी पडलं. ते पाणी नव्हे हे त्याला वासानं कळलं आणि त्याचं टाळकंच फिरलं. सोळा वर्षं भुसा खाल्ला, शिव्या खाल्ल्या, आता हे? तो शिडीवरून दोन ढांगांत वर आला. एक गुद्दा त्यानं वरच्याच्या कमरेत घातला, दुसरा बरगडीत. दोन घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की समोरून परतफेड होत नाहीये. वरचा एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होता. दुसरा डोळा आणि अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. मग तो अख्खा त्याच्या अंगावर कोसळला आणि दोघंही खड्ड्यात गेले. खालच्याचा पुढचा दात तिथेच पडला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. खालच्यानं त्यांना एकट्याला गाठून चारदा विचारलं, "मारल्यानं फुटते का हो?" त्यांनी चारदा सांगितलं की आधी फुटली, म्हणूनच तर तो तसा उभा होता. ते खालच्याच्या डोक्यात शिरलं, पण गळ्याखाली काही उतरलं नाही.

अठरा दिवसांनी वरचा घरी आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उरला होता, तो म्हणजे 'हलकट'. पाणी हवं तरी हलकट, पाठ दुखली तरी हलकट. दहा वर्षांची पोरगी शाळेतून आली की तिच्याकडे बघून तो अर्ध्या तोंडानं म्हणायचा, हलकट. पहिल्या दिवशी पोरगी फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी ती घराबाहेर बसून रडली.

डावा हात मात्र शिल्लक होता. आणि त्या एका हातात दोन हातांचं बळ आणि चार माणसांचा राग भरला होता. बायकोनं त्याला पहिल्यांदा उचलून लघवीला बसवलं तेव्हा त्यानं तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की संध्याकाळपर्यंत तिच्या कानात भुंगा गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी पेजेचा वाडगा तिच्या छातीवर बसला. ती काही गरीब गाय नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं एकदा हात उगारला होता, तेव्हा तिनं लाटणं उचललं होतं, आणि तो विषय तिथेच मिटला होता. पण आता अर्ध्या माणसावर लाटणं उगारायचं कसं? ती मार खायची, वाडगा उचलायची आणि पुन्हा भरून आणायची.

करवत वरच्याच्या मालकीची. तो रोज ती खांद्यावर टाकून घरी आणायचा आणि खाटेखाली सरकवायचा. आता त्याला ती खाटेवर, भिंतीकडेला, अंगाजवळ लागायची. मूठ डाव्या हातात असली तरच तो घास घ्यायचा.

विसाव्या दिवशी बायकोच्या भावजयीचा निरोप आला. निरोप गोड होता. पोरीची आबाळ नको, रविवारी न्यायला येते, आमच्याकडे चार घास खाईल आणि हाताखाली राहील. हाताखाली राहणं म्हणजे काय हे वरच्याच्या बायकोला कोणी सांगायला नको होतं. ती स्वतः आत्याच्या हाताखाली वाढली होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायचं, आणि पाठीत लाथ बसली की पडवीत उठून उभं राहायचं, ही तिची शाळा. निरोप ऐकल्या ऐकल्या तिनं चप्पल पायात घातली आणि तडक वखार गाठली.

खालचा रिकाम्या खड्ड्याच्या कडेला बसला होता.

"भाऊजी, तुम्ही वर चढा. खाली मी उतरते."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? खड्डा म्हणजे काय चूल आहे फुंकायला?"

"चूल फुंकताना डोळ्यांत धूर जातो. इथे भुसा जाईल. डोळे तेच आहेत."

"हाताची सालटी निघतील."

"निघू देत. करवत आमची आहे, निम्मी वाटणी आमची आहे. तुम्हाला दुसरा गडी मिळेल, पण तो स्वतःची करवत घेऊन येईल आणि वरच चढेल. मग तुम्ही आहात तिथेच. खड्ड्यात."

खालच्यानं पडलेल्या दाताच्या फटीतून जीभ फिरवली. त्याला ते दोन गुद्दे आठवले. "उद्या सकाळी या," तो म्हणाला.

वखारवाला खो खो हसला. हसून झाल्यावर त्यानं एक मध्यम ओंडका दाखवला. "बघू या तर खरं. मला फळी सरळ पाहिजे. ओढणारा गडी असो, बाई असो, नाहीतर बैल असो."

*

पहिल्या दिवशी तिच्या दंडांत गोळे आले. दुसऱ्या दिवशी तळहाताचे फोड फुटले आणि मूठ चिकट झाली. भुसा नाकात, कानात, पदराच्या आत, घामावर बसून त्याचा लेप व्हायचा. उंच करवत खाली ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. खाली येतानाच ती कापते, म्हणजे खरं बळ खालच्याचंच. वरच्याचं काम रेघेवर ठेवण्याचं. सोळा वर्षं नवरा ज्याची ऐट मिरवत होता ते काम असं होतं, हे तिला खड्ड्यात उभं राहिल्यावर कळलं, आणि तेवढ्या त्रासातही तिला जरा हसू आलं.

पण फळी काही सरळ येईना. गेरूत भिजवलेलं सूत मारून ओंडक्यावर लाल रेघ पाडलेली. दोन हात करवत रेघेवर चालायची आणि मग डावीकडे सरायची. हळूहळू, चोरासारखी. खालचा वरून जोर लावून तिला उजवीकडे रेटायचा, तर फळीला पोक यायचा. पहिली फळी वाकडी निघाली. दुसरी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखी.

"वहिनी, तिरकी ओढताय!"

"सरळ ओढतेय मी. तुम्ही वर नाचताय!"

"मी सोळा वर्षं..."

"सोळा वर्षं तुम्ही खाली होता!"

हे खरं होतं, आणि खरं बोलणं वरच्या माणसाला सोसत नाही. सोळा वर्षांच्या गिळलेल्या शिव्या खालच्याच्या तोंडाशी आल्या आणि एकेक करून खड्ड्यात पडू लागल्या. आई-बाप, जात-कुळी, काही ठेवलं नाही. तिनं ऐकून घेतलं, दुप्पट उलटही दिल्या. तेव्हा त्यानं फटीत घालायची लाकडी पाचर उचलली आणि खाली भिरकावली. ती तिच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात आलं, त्यात भुसा मिसळला.

तिनं डोळा पुसला नाही. दोन्ही हातांनी मूठ धरली आणि अंगातला सगळा जोर एकवटून करवत खाली खेचली. खालच्यानं वरची मूठ सोडली नव्हती. तो ओंडक्यावर तोंडावर आपटला. ओठ फुटला.

दोघंही थोडा वेळ आपापलं रक्त थुंकत राहिले.

"चला," ती खालून म्हणाली. "उरलेली कापू."

त्यानं वरच्याच्या घरून कानस आणली. कानस कधी त्याच्या हातात पडली नव्हती, धार लावणं हा वरच्याचा मान. आता मोठ्या झोकात त्यानं सगळ्या दातांवरून ती फिरवली. प्रत्येक दाताला चार घासे, कमी नाही की जास्त नाही. करवत चांगली लागू लागली, पण डावीकडेच जाऊ लागली, आणि आता जोरात.

गुरुवारी वखारवाल्यानं फळ्या पाहिल्या. त्यातली एक त्यानं भिंतीला टेकवून उभी केली, तर ती भिंतीपासून वीतभर लांब राहिली.

"ही फळी आहे की घसरगुंडी? उद्या-परवात तो मोठा ओंडका कापायचा आहे," तो शेवटच्या कोपऱ्यात पडलेल्या काळ्या, अजस्र खोडाकडे बोट करून म्हणाला. "नावेच्या फळ्या आहेत. पाणी आत आलं तर माणसं मरतील. आणि तसा ओंडका मला दुसरा मिळणार नाही. पहिली फळी शनिवारी दुपारी मी सुतानं बघणार. वाकडी निघाली तर जोडी नवी. बाई, राग मानू नका."

"राग कशाला मानू मालक," ती म्हणाली. "शनिवार तर लांब आहे." पण शनिवारनंतर रविवार येतो, एवढं गणित तिला येत होतं.

*

करवत घरी आली की पुसून, तेल लावून नवऱ्याच्या अंगाजवळ ठेवायची, हा रोजचा नेम. नाही पुसली तर त्याचा हात चालायचा. त्या संध्याकाळी, दिवस अजून मावळायचा होता, ती दारात बसून तेलाच्या चिंधीनं पातं पुसत होती. अलीकडची बाजू पुसली, चिंधी दातांत अडकून फाटली. पलीकडची पुसली, चिंधी सुळकन निघून गेली. पुन्हा अलीकडे: टरकन. पुन्हा पलीकडे: काही नाही.

तिनं बोट फिरवलं. करवतीचे दात एक आड एक दोन्ही बाजूंना झुकवलेले असतात. डावीकडचे दात चावत होते. उजवीकडचे नुसते शिवत होते.

काही वर्षांपूर्वी एक ओंडका घरंगळून नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर आला होता. खांदा बरा झाला, पण हात कायमचा उजवीकडे ओढायला लागला. तिनं तो रोज तेलानं चोळला होता. हा माणूस कोणाला काही बोलला नव्हता. त्यानं नुसती कानस उचलली होती आणि दातांना डावीकडे कल दिला होता. खांदा उजवीकडे ओढायचा, करवत डावीकडे, आणि त्या दोघांच्या भांडणात फळी सरळ निघायची. खालच्याला पत्ता नाही, वखारवाल्याला नाही, बायकोला नाही. आणि खालच्यानं सगळ्या दातांना सारखी धार लावून तो कल तसाच्या तसा ताजा केला होता.

"अहो," ती आत येऊन म्हणाली, "हिचे दात तुम्ही एका अंगाला घासलेत ना? तुमच्या खांद्यासाठी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात चोरी पकडली गेल्याचा भाव आला.

"ते सरळ करायला हवेत. भाऊजींचा खांदा धड आहे."

"हलकट," तो म्हणाला आणि त्यानं करवत छातीशी ओढली.

त्याचं म्हणणं तिला न बोलता कळलं. दात सरळ केले की ती करवत त्याची राहिली नाही. मग तो कधी उठलाच, कधी चालत वखारीत गेलाच, तर त्याच्या हाताला बसणारं या जगात काही उरणार नव्हतं. जोवर कल आहे तोवर आपली जागा आहे, असं तो धरून बसला होता. तिला त्याची कीव आली. पण पोरगी दारात बसून पाटीवर अक्षरं काढत होती, आणि कीव बाजूला ठेवावी लागली.

*

शुक्रवारी सकाळी खालचा करवत न्यायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आ वासून ऐकत राहिला. "सोळा वर्षं," तो एवढंच म्हणाला. मग तिनं पोरीला शाळेत पाठवलं आणि करवतीची मूठ धरली.

वरच्यानं सोडली नाही. तिनं त्याचं एकेक बोट उलगडायला सुरुवात केली. करंगळी सुटली, तिच्या शेजारचं सुटलं. तिसऱ्याला त्यानं मूठ सोडली आणि तिचे केस धरले. एकदा तिचं डोकं खाटेच्या लाकडावर आपटलं, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा. भुवईची जखम उघडली. खालचा धावत आत आला, त्यानं वरच्याचा हात पिरगाळला, गुडघा छातीवर ठेवला आणि मूठ उगारली.

"मारू नका!" ती ओरडली.

"तो तुम्हाला जिवे मारेल!"

"मारू नका म्हणते ना!"

खालच्याची मूठ तशीच उगारलेली राहिली. वरचा डोळे मिटून घेऊन दोन जुन्या गुद्द्यांपुढचा तिसरा येण्याची वाट बघत होता. खालच्यानं हात खाली घेतला आणि तो बाजूला होऊन हुंदके देऊ लागला. "याचा हात बांधतो," तो नाक पुसत म्हणाला. "दोरी द्या."

"आज बांधला तर रोज बांधावा लागेल. राहू दे. तुम्ही दारात बसा आणि मध्ये येऊ नका."

खोली केवढी, तर एक खाट आणि दोन माणसं. करवत माणसापेक्षा लांब. दारातून येणारा उजेड खाटेच्या कडेलाच पडायचा, दुसरीकडे दात दिसलेच नसते. तिनं करवत दात वर करून दोन फळ्यांमध्ये पाचरीनं घट्ट बसवली आणि खाटेला पाठ देऊन बसली. म्हणजे नवऱ्याचा हात पोचेल अशीच. दुसरी जागा नव्हती.

पहिला उजवा दात. कानस टेकवली आणि घासली. पाठीत धपाटा बसला. दुसरा घासा, दुसरा धपाटा, या वेळी मानेवर. तिसऱ्याला तिचा हात घाबरून थोडा उतरला, कानस आडवी झाली, आणि मार बसला नाही. चौथ्यालाही नाही. तिला वाटलं दमला असेल. पुढचा दात घेतला, कानस पुन्हा उभी धरली, आणि कानाखाली असा तडाखा बसला की तिचं कपाळ पात्यावर टेकलं.

"वहिनी, बाजूला व्हा!" दारातून खालचा ओरडला.

"थांबा जरा." तिनं कानस आडवी केली. घासा. काही नाही. मुद्दाम उभी केली. तडाखा.

तिनं मान वळवून पाहिलं. नवरा तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर दातावर खिळली होती. मान एका बाजूला झुकवून तो कानशीचा आवाज ऐकत होता, पूर्वी धार लावताना स्वतः ऐकायचा तसा. करवत वाचवायला निघालेला माणूस चुकीचा घासा सहन करू शकत नव्हता. एवढंच. बायको त्याला लुटत होती ते चालेल, पण लुटताना दात बिघडवत होती ते त्याला बघवत नव्हतं.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे शिकवतायत."

शिकवतोय म्हणून मार कमी लागतो असं नाही. शंभराच्या आसपास दात, त्यातले निम्मे उजवे, आणि प्रत्येकाला तिच्या हाताची एकेक नवी चूक. कानस जास्त दाबली, धपाटा. परत येताना उचलली नाही, धपाटा. चार घाशांच्या जागी पाच झाले, तर मुठीचं हाड पाठीच्या कण्यावर. एकदा चुकून तिनं डावा, आधीच तेज असलेला दात धरला. त्यानं तिच्या मनगटावर एवढ्या जोरानं हाणलं की कानस निसटली आणि अंगठा दातांवरून गेला. मांस दिसलं. तिनं पदराची किनार फाडून बांधली. त्या वेळी तिनं मागे वळून पहिल्यांदाच त्याला एक मुस्काटात लगावली, सणसणीत.

"एक चुकला म्हणून अंगठा तोडता का माझा?" ती ओरडली. "सांगा नीट!"

"हलकट," तो म्हणाला, आणि बोटानं पुढचा दात दाखवला. कुठला धरायचा ते.

तेव्हापासून तो दाखवायचा आणि मारायचा. दुपार झाली. दारात बसलेल्या खालच्यानं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले होते. धपाट्याचे आवाज त्याला ऐकवेनात. तिच्या पाठीची आग आग झाली होती आणि हात मात्र नीट चालू लागला होता. शेवटचे नऊ-दहा दात तिनं एकही फटका न खाता पुरे केले. नववा झाला, दहावा झाला, आणि मारणारा हात आपला खाटेच्या काठावर पडून होता.

तिनं कानस खाली ठेवली आणि पाचर काढून करवत मोकळी केली. वरच्यानं डाव्या हाताचं बोट पात्याच्या एका अंगानं सावकाश फिरवलं, मग दुसऱ्या अंगानं. पुन्हा पहिल्या. दोन्हीकडे सारखंच चावत होतं. बोटातून रक्त आलं ते त्यानं पाहिलं. मग त्याचं अर्धं तोंड वाकडं झालं आणि त्यातून असा आवाज आला की खालचा उठून अंगणात निघून गेला. आपल्या हातानं त्यानं आपलीच जागा पुसून टाकली होती, आणि ती चांगली पुसली गेली आहे हेही त्यालाच सर्वांत नीट कळत होतं. ती त्याच्याजवळ बसली. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

थोड्या वेळानं त्यानं करवतीला तळहात लावला आणि ती दाराच्या दिशेनं ढकलली.

*

काळ्या ओंडक्याची पहिली फळी शुक्रवारी उरलेल्या दिवसात निम्मी उतरली आणि शनिवारी सकाळी पुरी झाली. करवत रेघ सोडीना. खालच्याला आधी विश्वास बसेना, सवयीनं तो उजवीकडे रेटायला जायचा आणि ती खालून ओरडायची, "काही करू नका! नुसती धरा!" नुसती धरणं हे त्याला सोळा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. घटकाभरानं त्याचा हात सैल झाला. एकदा पान खाऊन लाल झालेल्या तोंडानं तो वरून चक्क गाणं म्हणायला लागला, तेव्हा तिनं खड्ड्यातून शिवी दिली आणि तो गप्प झाला.

वखारवाला दुपारी सूत घेऊन आला. एका टोकाला स्वतः बसला, दुसरं टोक खालच्याला धरायला लावलं. सूत ताणलं, फळीवर टेकवलं, एक डोळा मिटून पाहिलं. फळी उलटी करून पाहिलं. तिच्या सुजलेल्या तोंडाकडे, बांधलेल्या अंगठ्याकडे, मानेवरच्या काळ्यानिळ्या वळांकडेही त्यानं एकदा पाहिलं.

"उरलेल्या पण अशाच पाहिजेत," तो म्हणाला आणि सूत गुंडाळत निघून गेला.

भावजयीला निरोप गेला की पोरगी कुठे येणार नाही, रविवारची गाडी चुकवली तरी चालेल. हा निरोप नेताना खालचा एवढ्या वेगानं चालत होता की लोकांना वाटलं कोणीतरी गेलं.

ती घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरगी बापाला पेज भरवत होती आणि तो करवत जवळ नसताना गपगुमान घास घेत होता. ती खाटेजवळ जमिनीवर बसली. केसांत, पापण्यांवर, मानेच्या घडीत भुसा तसाच होता.

"सरळ निघाली," तिनं सांगितलं. "दोन्ही टोकांना सारखी. मालकानं सूत लावलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डावा हात उचलला.

तिची मान खांद्यांत गेली. दोन्ही कोपरं आपोआप तोंडावर आली, आणि ती भिंतीला जाऊन टेकली. पोरीच्या हातातला चमचा थांबला. तिनंही डोकं खाली घातलं होतं.

वरच्याचा हात हवेत तसाच राहिला. त्यानं तो मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. तो हात तिला दिसेल असा, पंजा उघडा करून, धरून राहिला. दंड थरथरू लागला तरी त्यानं खाली ठेवला नाही. तिला कोपरं खाली घ्यायला बराच वेळ लागला. मग ती थोडी पुढे सरकली. हात तिच्या डोक्यापर्यंत पोचला, आणि त्यानं तिच्या केसांतला भुसा दोन बोटांत धरून काढायला सुरुवात केली. एक कण, दुसरा, तिसरा. त्याचं काम हळू होतं आणि भुसा पुष्कळ होता.

ती हलली नाही. पण जोवर तो हात तिच्या डोक्यावर होता, तोवर तिनं डोळे मिटले नाहीत.